मी पाळणाघरातली बाई



आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या बघू. तुमच्यापैकी किती जणांनी धाकट्या भावाला किंवा बहिणीला कडेवर घेऊन गल्लीतून फिरवलं आहे? आई धुणं धुवायला गेली असताना झोळीची दोरी किती जणांनी ओढली आहे? वाचता वाचताच हात वर करा. मला इथून दिसणार नाही, पण मी सांगते, निम्म्याहून जास्त हात वर असतील आणि त्यातही मुलींचे जास्त!

ज्यांचे हात वर आहेत, त्यांनी एक मोठं काम केलेलं आहे. ते काम मी सहा वर्षं केलं, पैसे घेऊन केलं. आज मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मुलं मला ‘बाई’ म्हणतात. पण त्याआधीही मी बाईच होते, पाळणाघरातली बाई. त्या दिवसांची गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे. त्यात माझी एक मोठी चूकसुद्धा आहे. तीही सांगणार आहे, लपवणार नाही.

आमचं गाव जालना. जुनी माणसं एक म्हण सांगतात, ‘जालना, सोने का पालना’. पालना म्हणजे पाळणा. कुंडलिका नदीच्या काठी वसलेल्या या गावात व्यापार जोरात चालायचा, पैसा खेळायचा, म्हणून ही म्हण पडली. आजही आमच्याकडे लोखंडाच्या सळ्यांचे कारखाने आहेत, बियाणांच्या कंपन्या आहेत, मोंढ्यात धान्याच्या गाड्या उभ्या असतात. लहानपणी मला वाटायचं की गावात कुठेतरी खरोखरच सोन्याचा पाळणा टांगलेला असणार! मी आज्जीला विचारलं तर ती म्हणाली, “सोन्याचा नव्हं ग माय, लुगड्याचा पाळणा पाह्यलाय म्या. त्यात तुहा बाप झोपायचा.”

मी २००९ साली डी.एड. झाले. तेव्हा आम्हाला वाटायचं, डी.एड. झालं की नोकरी ठेवलेलीच आहे. तसं काही झालं नाही. २०१० साली भरतीची परीक्षा झाली. माझा नंबर थोडक्यात हुकला. “पुढच्या वर्षी लागेल,” असं सगळे म्हणाले. पुढच्या वर्षी भरती निघाली नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. कपाटात प्रमाणपत्र आणि हातात लाटणं, अशी माझी अवस्था झाली. नातेवाईक घरी आले की मी आतल्या खोलीत जाऊन बसायची. “काय ग, लागली का नोकरी?” हा प्रश्न ऐकायला नको वाटायचा.

एके दिवशी सकाळी शेजारच्या गल्लीतली एक बाई दारात आली. कडेवर दहा महिन्यांची मुलगी. ती बियाणाच्या गोदामात बी निवडायला जायची. तिची सासू गावाला गेली होती. ती म्हणाली, “बाई, आजच्या दिस ठेवता का लेकरू? हजेरी बुडली तर उद्या घेत नाहीत.” मी लगेच हो म्हणाले. लहान मूल सांभाळायचं त्यात काय मोठंसं! मी बालमानसशास्त्र शिकले होते. परीक्षेत त्या विषयात मला चांगले गुण होते.

मुलांनो, त्या दिवशी ती छकुली सकाळी नऊपासून दुपारी दीडपर्यंत रडली. मी खुळखुळा वाजवला, गाणी म्हटली, दूध पाजलं, उभी राहिले, बसले, नाचले. बालमानसशास्त्रातलं एकही प्रकरण उपयोगी पडलं नाही! शेवटी आज्जी माजघरातून उठून आली. तिने छकुलीला पालथं मांडीवर घेतलं आणि पाठीवरून हळूहळू हात फिरवला. एक ढेकर आला आणि छकुली झोपली.

“पोटात वारा धरला व्हता,” आज्जी म्हणाली. “रडणं ऐकायचं असतंय पोरी. दाबायचं नसतंय.”

आज्जीचं ते वाक्य मी आजही विसरले नाही.

ती सासू लवकर परतली नाही. एक दिवसाचे आठ दिवस झाले. मग दुसरी आई आली, तिसरी आली. सहा महिन्यांत आमच्या पुढच्या पत्र्याच्या खोलीत नऊ मुलं जमली. दोघींच्या आया डाळ मिलमध्ये, चौघींच्या बी निवडायला, एक सरकारी दवाखान्यात परिचारिका, एक एसटीत कंडक्टर आणि एक माझ्यासारखीच शिकलेली, पण नोकरी लागलेली! पगारदार आयांकडून मी महिन्याला सहाशे रुपये घ्यायची. रोजंदारीवाल्यांकडून तीनशे. एकीने विचारलं होतं, “आम्ही दुप्पट का द्यायचे?” मी म्हणाले, “ताई, तुम्हाला रविवारचेही पैसे मिळतात. त्यांना ज्या दिवशी हात चालतात त्याच दिवशी मिळतात.” ती पुन्हा काही बोलली नाही आणि मुलाला ठेवतही राहिली.

तुम्हाला वाटत असेल, पाळणाघर म्हणजे मुलं खेळतात आणि बाई बघत बसते. छे! सकाळी सहाला उठून मी आधी खोली झाडायची आणि मग जमिनीला गाल लावून बघायची. हो, खरंच! बघणारीची नजर पाच फुटांवर असते, पण रांगणाऱ्या मुलाची नजर जमिनीपासून वीतभर उंचीवर असते. आपल्याला न दिसलेलं बटण, खिळा, चिंचोका त्याला पहिला दिसतो आणि दिसला की तो तोंडातच जातो. मग झोळ्यांच्या गाठी तपासायच्या. दोन झोळ्या होत्या, आज्जीच्या जुन्या लुगड्यांच्या. गाठ मारली की आधी तांदळाचं गाठोडं टाकून झोका देऊन बघायचा, मगच लेकरू ठेवायचं. आज्जीचा नियम होता, “गाठीवर इस्वास ठेवू नये. गाठ रोज नवी.”

जेवणात मऊ भात, मुगाचं वरण, ताकातली ज्वारीची कण्या. मोठ्यांना दुधात कुस्करलेली भाकर. नऊ मुलांची नऊ तोंडं, नऊ तऱ्हा. एकाला भात फुंकून लागतो, दुसऱ्याला गार झालेलाच लागतो. एक पोरगी चिमणीचा घास म्हटल्याशिवाय तोंड उघडत नव्हती. आणि रडण्याचे तर किती प्रकार! भुकेचं रडणं तुटक तुटक असतं. झोपेचं रडणं लांबट आणि कुरकुरं, त्यात डोळे चोळणं आलंच. कान दुखत असेल तर मूल कानाशी हात नेतं. आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला एक वेगळंच रडणं सुरू व्हायचं. काही दुखत नाही, भूक नाही, झोप नाही. ते आईची वाट पाहण्याचं रडणं. त्यावर औषध नाही. अशा वेळी मी सगळ्यांना घेऊन ओट्यावर बसायची आणि रस्त्यावरून जाणारी सायकल, बैलगाडी, शेळी दाखवायची. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एखादी आई दिसायची. मग जे हसू फुटायचं ना, ते पाहायला तुम्ही हवे होतात!

दुपारी सगळी झोपली की आज्जी गोष्टी सांगायची. राजाराणीच्या नाही, बहात्तरच्या दुष्काळाच्या. १९७२ साली मराठवाड्यात पाऊस पडलाच नाही. विहिरी आटल्या, जनावरं गेली. लोकांना जगवण्यासाठी सरकारने दुष्काळी कामं काढली. आज्जी खडी फोडायला जायची. सोबत तान्हं बाळ, म्हणजे माझे वडील. कामावर बाळ कुठे ठेवणार? बाभळीला लुगड्याची झोळी बांधायची. एका बाभळीला तीन तीन झोळ्या. पण झोळी हलवणार कोण? दगडाची कपची उडून बाळाला लागली तर?

त्या बायकांनी एक युक्ती केली. त्यांच्यात एक म्हातारी होती. तिच्याने हातोडा उचलत नव्हता. त्या तिला म्हणाल्या, “तू झोळ्यांपाशी बस.” पण मजुरी मिळायची ती फोडलेल्या खडीच्या मापावर. म्हातारीने खडी फोडली नाही तर तिला पैसे कसे मिळणार? मग प्रत्येकीने संध्याकाळी आपल्या ढिगातली एकेक पाटी म्हातारीच्या ढिगावर टाकायची. माप भरायचं, म्हातारीची हजेरी लागायची. आज्जी म्हणायची, “तिनं एक बी दगड फोडला नाही. पण तिच्यामुळंच आम्ही फोडला.”

ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. २००५ साली देशाच्या संसदेने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्यात एक कलम घातलं. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असली, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या बायकांना बाभळीखाली जे सुचलं होतं, ते कायद्याच्या पुस्तकात यायला तेहतीस वर्षं लागली!

कारखान्यांसाठीही असा नियम फार पूर्वी झाला होता. १९४८ च्या कारखाने कायद्याप्रमाणे पन्नासाहून अधिक स्त्रिया कामाला असतील तिथे त्यांच्या लहान मुलांसाठी वेगळी खोली ठेवायची होती. १९७६ साली हा आकडा तीसवर आणला गेला. पण आमच्या गल्लीतल्या बायका जिथे जायच्या, तिथे दहा-बाराच जणी असायच्या. मग कुठली खोली अन् कुठला पाळणा! म्हणून त्या माझ्याकडे यायच्या.

२०१३ चा उन्हाळा आमची परीक्षा बघायला आला. आधीच्या वर्षी पाऊस नीट झाला नव्हता. जालन्यात नळाला पाणी नाही, सगळी भिस्त टँकरवर. आता तुम्हीच हिशेब करा. नऊ मुलं, प्रत्येकाचे दिवसाला किमान पाच लंगोट. म्हणजे पंचेचाळीस! आणि पाणी? आमच्या वाट्याला दोन पिंपं. पाळणाघर बंद करावं असं मला वाटू लागलं. मी आयांना तसं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी प्रत्येकीच्या एका हातात लेकरू आणि दुसऱ्या हातात पाण्याची कळशी! त्यांच्या घरी तरी कुठे पाणी होतं? पण आणलं. आम्ही तांदूळ धुतलेल्या पाण्याने भांडी विसळली, आंघोळीचं पाणी परातीत धरून लंगोट भिजवले. पण मुलांचे हात मात्र स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुतले. तिथे काटकसर केली नाही. तो उन्हाळा निघाला, एकाही मुलाला हगवण लागली नाही. मला तेव्हा डी.एड.च्या प्रमाणपत्रापेक्षा त्याचा जास्त अभिमान वाटला होता.

आता ती चूक सांगते.

त्याच वर्षीची दिवाळीनंतरची दुपार. मामाने शेतातून भुईमुगाच्या शेंगा पाठवल्या होत्या. मुलं झोपलेली, म्हणून मी तिथेच बसून शेंगा फोडत होते. सव्वादोन वर्षांचा एक मुलगा, त्याला आम्ही ढब्बू म्हणायचो, केव्हा उठून माझ्या मागे आला कळलंच नाही. त्याने दाणा उचलून तोंडात टाकला. मी दचकून ओरडले, “अरे, थुंक!” माझ्या ओरडण्याने तो घाबरला, त्याने श्वास आत ओढला आणि दाणा घशात अडकला.

मुलांनो, अडकल्यावर मूल रडत नाही. आवाजच येत नाही. ढब्बूचं तोंड उघडं, डोळे मोठे, ओठ निळसर होत चाललेले आणि खोलीत एकदम शांतता. मी घाबरून त्याच्या तोंडात बोट घातलं. दाणा निघाला नाही, आत सरकला असावा. एवढ्यात आज्जी आली. तिने मला बाजूला ढकललं, ढब्बूला मांडीवर पालथं आडवं घेतलं, डोकं खाली केलं आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या बुंध्याने जोरात थापा मारल्या. एक, दोन, तीन, चार. चौथ्या थापेला दाणा जमिनीवर पडला आणि ढब्बूने जो भोंगा पसरला! इतकं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

आम्ही लगेच त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, “आज्जींनी बरोबर केलं. तुम्ही बोट घातलं ते चुकलं. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घातलं तर ती आणखी आत जाते. आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा शेंगदाणा, फुटाणा द्यायचा नाही, कुटून द्यायचा.” आई-बाबांनो, हे तुम्हीही लक्षात ठेवा.

घरी आलो. ढब्बू पुन्हा खेळायला लागला, जसं काही झालंच नाही. घड्याळात चार वाजले होते. साडेपाचला त्याची आई येणार. ती डाळ मिलमध्ये जायची. आणि माझ्या मनात एक विचार आला. तुमच्याजवळ कबूल करते. वाटलं, सांगूच नये. मुलगा ठणठणीत आहे. तिला कशाला घाबरवायचं? खरं म्हणजे मला तिच्या घाबरण्याची काळजी नव्हती. तिने मुलाला काढून नेलं, चार जणींना सांगितलं, तर माझं पाळणाघर बंद पडेल ही भीती होती. मी आज्जीकडे पाहिलं. ती काहीच बोलली नाही. शेंगांचं सूप उचलून तिने फळीवर ठेवलं आणि आपल्या जागी जाऊन बसली.

ढब्बूची आई आली. मी सगळं सांगितलं. शेंगा मी फोडत होते, लक्ष माझं नव्हतं, हेही सांगितलं. सांगताना माझे पाय कापत होते. तिने ढब्बूला उचललं, छातीशी धरलं आणि एक शब्द न बोलता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. झोळी रिकामी बघून मला जेवण जाईना. चौथ्या दिवशी सकाळी दारात ती उभी, कडेवर ढब्बू.

“लई राग आला व्हता तुमचा,” ती म्हणाली. “घरी बसले तीन दिस. हजेरी बुडाली. मंग दुसरीकडं ठेवावं म्हणलं, एका घरी विचारलं बी. पण मनात आलं, तिथं काई झालं तर ती बाई मला सांगल का? तुम्ही तर न विचारता सांगितलं.” मग ढब्बूला माझ्याकडे देत म्हणाली, “पण शेंगा नका आणू घरात.”

पाळणाघर होतं तोवर आमच्या घरात शेंगा आल्या नाहीत.

मित्रांनो, डी.एड.ला असताना आम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यावर टिपा लिहायच्या असायच्या. मी त्या पाठ करून लिहायची. खऱ्या कळल्या त्या पाळणाघरात. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी या गावी लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. लहानपणीच विधवा झालेल्या आणि जिद्दीने शिकलेल्या अनुताईंनी पुढचं सगळं आयुष्य या कामाला दिलं. गरिबांची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा ताराबाई म्हणाल्या, मग आपण बालवाडी त्यांच्या अंगणात नेऊ. त्यातूनच ‘अंगणवाडी’ हा सुंदर शब्द जन्माला आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने बालविकासाची योजना सुरू केली, तेव्हा तिची केंद्रं याच नावाने ओळखली जाऊ लागली. आज तुमच्या गावात जी अंगणवाडी आहे, तिचं नाव या मराठी बाईंच्या कामातून आलं आहे, बरं का!

१९५७ साली त्या डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथे आदिवासी मुली शाळेत येत नसत. का? कारण घरी धाकटं भावंड सांभाळायचं असे. मग या दोघींनी एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा चालवली. तिला नाव दिलं ‘विकासवाडी’. ताई शाळेत, मधला बालवाडीत आणि धाकटं पाळण्यात. मुलीला शाळेत आणायचं तर तिच्या कडेवरच्या बाळालाही जागा द्यावी लागते, ही साधी गोष्ट त्यांनी ओळखली. ताराबाई १९७३ साली गेल्या आणि अनुताई १९९२ साली.

हे सगळं मी पुन्हा का सांगतेय, ते आता ऐका.

२०१५ साली आज्जी गेली. तिच्याशिवाय नऊ मुलं सांभाळणं मला जमेना, म्हणून पाळणाघर हळूहळू बंद केलं. २०१७ च्या डिसेंबरात शिक्षकांची चाचणी परीक्षा झाली आणि २०१९ साली मला नेमणूक मिळाली. दहा वर्षांनी! जिल्ह्यातल्याच एका खेड्यातली शाळा. गोष्ट २०२२ च्या दिवाळीनंतरची. कापूस वेचणीचे दिवस. तिसरीच्या वर्गातली एक हुशार मुलगी येईनाशी झाली. मी निरोप पाठवला. दोन दिवसांनी ती दारात उभी राहिली. पाठीवर दप्तर आणि कडेवर दीड वर्षाचा भाऊ.

“बाई, याला घेऊन बसू का?” तिने विचारलं. “माय वेचणीला गेली.”

वर्गातली मुलं हसली. एक जण म्हणाला, “शाळा हाय का पाळणाघर?”

मला पण हसू आलं. पण माझं हसू वेगळं होतं. मी म्हणाले, “दोन्ही आहे. ये, बस.”

नियमात ते बसत नव्हतं. मुख्याध्यापक आधी नाराज झाले. “बाई, उद्या सगळेच आणतील,” म्हणाले. अंगणवाडीत शिकायला बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं. तो दीड वर्षाचा. तरी अंगणवाडीच्या ताई चांगल्या. त्या म्हणाल्या, “सकाळी दोन तास माझ्याकडे चटईवर राहू द्या. दुपारी तुम्ही बघा.” दुपारी तो आमच्या वर्गात मागे बसायचा. पाढे सुरू झाले की डोलायचा. बाकीची मुलं आळीपाळीने त्याच्याजवळ बसायची आणि मी मुद्दाम मुलग्यांची पाळी आधी लावली. ‘पाळणाघर हाय का’ म्हणणाऱ्याची सगळ्यात आधी! चार दिवसांत तो स्वतःच सांगायला लागला, “बाई, ह्याला झोप आलीया, हा डोळे चोळतोय.” रडणं ऐकायला तो शिकला.

गोष्ट इथे संपली असती तर किती छान झालं असतं. पण मी तुम्हाला खरंच सांगणार आहे म्हणाले ना? पुढच्या वर्षी, २०२३ साली, त्या मुलीच्या घरच्यांनी मुकादमाकडून उचल घेतली आणि ते ऊसतोडीला निघाले. मी त्यांच्या घरी गेले. म्हणाले, “पोरीला आज्जीपाशी ठेवा. ती चौथीत आहे, तिचं नुकसान होईल.” तिची आई चुलीपुढे बसली होती. तिने मान वर केली नाही. “बाई, पोरीला ठेवीन. पण तान्ह्याचं काय? त्याची आज्जी उठता उठत नाही, ती काय पळती त्याच्यामागं? मी फडात कोयता चालवणार, त्याला कोण बघणार?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी आमच्या भागात हंगामी वसतिगृहं चालवली जातात, ती मुलगी राहू शकली असती. पण कडेवरच्या बाळाचं वसतिगृह कुठे असतं? ती गेली. जाताना तिने माझ्याकडून पाढ्यांचं पुस्तक नेलं.

एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला आणि ती परतली. हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते. भागाकार विसरली होती. पण भाऊ तीन वर्षांचा झाला होता, धडधाकट होता आणि चार अंक मोजत होता. फडावर पालाच्या दारात बसून तिने त्याला शिकवले होते. त्या वर्षीपासून तो अंगणवाडीत बसायला लागला. दुपारपर्यंतची सोय झाली, तशी आज्जी म्हणाली, “बाकीचं मी बघते.” पुढच्या हंगामाला आई-वडील गेले, पण ही दोघं गावातच राहिली. तिचा भागाकार आता येतो. थोडा अडखळत येतो, पण येतो.

तर मुलांनो, आता माझं तुम्हाला सांगणं. भावंड सांभाळणं हे काही फक्त ताईचं काम नाही. ज्या दादांचे हात सुरुवातीला वर झाले नव्हते, त्यांनी आज संध्याकाळी एक तास धाकट्याला घेऊन बसा. मोबाइल दाखवायचा नाही, बरं का! त्याचं रडणं ऐका आणि ते कशाचं आहे ते ओळखा. ओळखता आलं तर तुम्ही माझ्या पाळणाघरात पास. आणि त्याच्या हाताशी काही बारीक वस्तू नाही ना, हे जमिनीला गाल लावून एकदा बघा. घरचे हसतील. हसू द्या. पण काही चुकलंच, तर ते आईला तुम्ही स्वतः, तिने विचारायच्या आधी सांगा.

आणि पालकांनो, तुमच्या लेकराला जी कुणी सांभाळते, मग ती आज्जी असो, अंगणवाडीची ताई असो की पत्र्याच्या खोलीतली बाई, तिला ‘नुसती घरी बसून असते’ असं म्हणू नका. तिने एकही दगड फोडला नसेल. पण तिच्यामुळेच तुम्ही फोडू शकला आहात.

ढब्बू आता मोठा झाला आहे. मध्ये मोंढ्यात त्याची आई भेटली. तिच्या हातातल्या पिशवीत भुईमुगाच्या शेंगा होत्या. तिने मूठभर काढून माझ्या हातावर ठेवल्या आणि आम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहून हसत सुटलो.

तुमच्या घरी पाळणा कोण हलवतं? मला लिहून कळवाल ना?

तुमची,
बाई